पळून जाणारे सैनिक

मुलीला पियानोच्या परीक्षेसाठी पेरुंगुडीच्या केंद्रावर घेऊन गेलो, तर व्हरांड्यात शाळकरी पोरांच्या मधून सत्तरीच्या एक बाई येरझाऱ्या घालत होत्या. सुती साडी, मोगऱ्याचा गजरा आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आमचं मराठी कानावर पडताच त्या तंजावरी हेल काढून म्हणाल्या, "आमचंही मराठीच की, सार. जरा चालून दाखवता?"

त्यांनी हातातल्या स्वरलिपीवर बोट ठेवलं. वर इटालियनमध्ये लिहिलं होतं, मार्चच्या चालीत.

"म्हणजे सैनिकांची पावलं पडतात ती लय. पळायचं नाही. पण मी घाबरले की माझी पावलंच धावतात. मागच्या खेपेला परीक्षक म्हणाले, अम्मा, तुमचे सैनिक पळून चाललेत. नापास केलं. तुम्ही पोटभर जेवून आलेले दिसता, तुमची चाल बरी."

मग काय, पोट सावरत मी सेनापतीच्या थाटात व्हरांडाभर चाललो. डावी चप्पल सैल होती, तिकडे दुर्लक्ष केलं. मुलीनं पुस्तकात तोंड लपवलं. बाईंनी माझ्या पावलांवर नजर ठेवून तळहातावर ताल धरला आणि तो न सोडता त्या आत गेल्या.

दाराआडून मार्च ऐकू आला. ठाम, ऐटबाज, जराही घाई नसलेला.

बाई बाहेर आल्या त्या हसतच.

"सगळे सैनिक पोचले, सार. एकाची चप्पल तेवढी सैल होती."

मी हळूच डावा पाय मागे घेतला.