मामाजींचं उकळलेलं पाणी

अख्ख्या नागपुरात पाण्याला भिणारा एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या आत्याच्या पदरात पडला. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाजी म्हणत असू. साप, साहेब, सासुरवाडी यांपैकी कशालाही न भिणारे मामाजी पाण्याचा पेला समोर आला की त्याच्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहत. तरुणपणी त्यांना कावीळ झाली होती आणि ती विहिरीच्या पाण्याने झाली, असं एक डॉक्टर सांगून गेला. डॉक्टर सांगून मोकळा झाला, भोगलं आत्याने. नळाचं असो की विहिरीचं, मामाजी पाणी धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळत, स्टोव्हवर खदखदा उकळत आणि वर ताट झाकून शेजारी राखणीला बसत. रेशनचं रॉकेल आत्याने रांगेत उभं राहून आणायचं आणि मामाजींनी ते पाण्याखाली जाळायचं. त्यामुळे महिनाअखेरीला त्या घरात भात कच्चा आणि पाणी मात्र पूर्ण शिजलेलं असे.

घरात माठ दोन होते. एक मामाजींचा, उकळलेल्या पाण्याचा. दुसरा आत्याचा, विहिरीच्या पाण्याचा, आत वाळ्याची जुडी टाकलेला. आम्ही पोरं अर्थातच आत्याच्या माठावर तुटून पडायचो. मामाजींचा माठ भरलेला तसाच राही. आम्ही काय प्यायचं याची त्यांना फार फिकीर नव्हती. त्यांना एकच हवं होतं, बायकोने आपल्या माठातलं पाणी प्यावं. रोज जेवताना ते पेला तिच्यापुढे सरकवत आणि अगदी पोराची समजूत काढल्यासारखं म्हणत, "अवं, एक घोट तं घेऊन पाह्य."

"मी काय बिमार आहो?" आत्या पेला परत सरकवायची. "उकळल्यावर पाण्यात काय राह्यते? जीव गेला त्याचा."

"त्याचा गेला म्हणून आपला राह्यते वं."

मे महिन्यात कोराडीहून बसचे धक्के खात आलेल्या व्याह्यांना मामाजींनी एकदा उकळलेलं पाणी दिलं. ते नीट निवलंही नव्हतं. व्याही घोट घेऊन म्हणाले, "व्याहीबुवा, चहापत्ती टाकाची राहून गेली वाटते." आत्या चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. मामाजींनी तेवढ्या शांततेत आणखी दोन पातेली उकळून घेतली.

पण खरा कहर झाला रामटेकला. गडाच्या पायऱ्या चढून आम्ही घामाघूम झालो होतो. दर्शन झालं, पुजाऱ्याने तळहातावर तीर्थ घातलं. मामाजींनी ते डोळ्यांजवळ नेऊन निरखलं आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "महाराज, हे उकळलेलं आहे का?"

पुजारी देवाकडे पाहू लागला. आत्याने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. उतरताना मात्र अख्ख्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "देवाच्या पाण्याले तपासता! मराच्या वक्ती तुमच्या तोंडात गंगाजल कोण टाकते, ते पाह्यतेच मी."

"टाकजो," मामाजी म्हणाले, "पण उकळून."

पुढे कित्येक वर्षं हा किस्सा आम्ही लग्नाकार्यात चवीने सांगितला. मामाजीही हसायचे आणि हसता हसता पेला आत्याकडे सरकवायचे. तो तसाच परत यायचा.

मामाजी गेले तेही मे महिन्यातल्याच एका दुपारी. काविळीने नव्हे, पाण्याने तर नव्हेच, निव्वळ म्हातारपणाने. डॉक्टर मान हलवून गेले तेव्हा कुणीतरी देवघरातली गंगेची सीलबंद लोटी आणली आणि आत्याच्या हातात दिली. तिने सील फोडलं, मामाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि लोटी घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"अवं, गंगाजल आहे ते," शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या.

"असू दे," आत्या म्हणाली. "त्याइले चालत नाही."

पाणी खदखदा उकळलं. मग आत्या वाटीत ते घेऊन पदराने वारा घालत उशाशी बसली. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी लवकर निवत नाही. मामाजी तेवढं थांबले. जन्मभर पाणी निवायची वाट पाहिलेला माणूस, त्यांना त्याची सवय होती. चमचाभर पाणी ओठांत गेलं आणि थोड्या वेळाने ते गेले.

वाटीत थोडं पाणी उरलं होतं. आत्याने ते दोन घोटांत पिऊन टाकलं.