पॅडला लागलेला हिरवा रंग

मंडळी, गाडीचा रंग चमकवायला पॉलिशर कोणता घेऊ म्हणून गेल्या आठवड्यात इथेच तुमचं डोकं खाल्लं होतं. आज सकाळी त्याचा निकाल लागला.

गाडी बाबांची, साठच्या दशकातली, हिरवी. आमच्या रनाळे गावातल्या कितीतरी नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या. आता रंग खडूसारखा झालाय, म्हणून बाबांनी ती भंगारवाल्याला द्यायचं कबूल केलं होतं.

नुसता गरगर फिरणारा रोटरी पॉलिशर काम झटपट करतो, पण एका जागी जरा रेंगाळला की रंग जाळतो. म्हणून मी फिरता फिरता हलणारा, ड्युअल अ‍ॅक्शनवाला घेतला. माझ्यासारख्या हौशी माणसाला तोच बरा.

बॉनेटवर दोन हात मारले आणि मशीनचं पांढरं पॅड हिरवंगार!

सगळा रंगच निघतोय असं वाटून बाबा ओरडले, "बंद कर ते! रंग निंघी ऱ्हायना!"

मी मशीन बंद केलं. मग आठवलं, जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो, त्यामुळे वरचा मेलेला रंग पॅडला लागणारच. कापडाने बॉनेट पुसलं.

बाबा वाकले. बघत राहिले. मग खिशातून कंगवा काढून बॉनेटमध्ये बघत भांग पाडायला लागले!

दारातून बाबांच्या टकलाकडे बघत आई म्हणाली, "केस कोठे शेत आते?"

"तू गप ऱ्हाय," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता, "त्या भंगारवालाले सांगी दे, गाडी देवानी नही."

अजून दारं, छत, डिकी बाकी आहे. दारांच्या कडांना रंग पातळ असतो, तिथे मशीन लावू की हातानेच घासू? लवकर सांगा, बाबा कंगवा घेऊन उभे आहेत.