नंदूच्या मापाची खुर्ची

सकाळी चहा गाळत होते तेव्हा माझ्या भावजयीचा, मेघनाचा फोन आला. "ताई, लगेच या," एवढंच ती म्हणाली. आमच्या वसाहतीत, बेव्हर्ली पार्कात, तिच्या आणि माझ्या इमारतीच्या मध्ये एक गल्ली आहे, ती ओलांडेपर्यंत मला कळून चुकलं होतं... माझा धाकटा भाऊ नंदू गेला. त्याला आता दीड महिना होईल. कॅन्सर मणक्यात उतरला होता, डॉक्टरांनी कल्पना दिली होती. तरी मी मोठी असताना त्याला पुढे जायची काय घाई होती, असा राग मला अजून येतो.

नंदू शर्यतीच्या गाड्या बनवायचा, उघड्या चाकांच्या, एकाच सीटच्या. परदेशात एका मोठ्या संघाच्या डिझाइन विभागात बरीच वर्षं काढून तो परतला आणि त्यानं जवळच हाटकेशला वर्कशॉपसाठी गाळा घेतला. मी बँकेत नोकरी केलेली बाई, मला त्यातलं काडीचंही कळत नसे, पण त्याला छळायला तेवढं पुरे होतं. "एवढी महागडी गाडी, आणि बायकोलाही बसवता येत नाही?" म्हटलं की मेघना हसायची. गाडीला पंख असतात हे ऐकून मी विचारलं, "मग उडत का नाही?" तर म्हणाला, "अगं ताई, ते उलटे लावलेत, उडू नये म्हणूनच. वारा गाडीला खाली दाबतो, म्हणून ती वळणावर रस्ता सोडत नाही." हे तो चमचा पालथा धरून समजवायचा आणि आमटी सांडायचा.

पण त्याचा खरा जीव सीटमध्ये. ती बाजारात मिळत नाही, ड्रायव्हरच्या अंगावरच घडवावी लागते. गाडीत प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरून त्याला बसवायचं, पिशवीत दोन रसायनांचं मिश्रण ओतायचं. ते फसफसून फुगतं, पाठीमागची प्रत्येक फट भरतं आणि कडक होतं. तोवर त्यानं हलायचं नाही. "गाडी घसरायला लागली की आधी पाठीला कळतं," नंदू सांगायचा, "डोळ्यांना नंतर. सीट ढिली असली तर काहीच कळत नाही."

शेवटी शेवटी त्याला बसवेना. उशा झाल्या, तक्के झाले... कुठेतरी टोचायचंच. मेघना त्याला पडल्यापडल्या भरवायची. दुखण्याची तक्रार त्यानं कधी केली नाही, पण एकदा चमचा बाजूला सारून म्हणाला, "ताई, मला टेबलाशी बसून जेवायचंय गं. आपल्या हातानं." मी तडक गाळ्यावर गेले. तिथे त्याचा भागीदार जिग्नेश होता. "नंदूची सीट बनवायचीय," मी म्हटलं. "दीदी, सबकी बनाई," तो म्हणाला, "उसकी तो कभी बनाई ही नहीं."

दुसऱ्या दिवशी जिग्नेशनं नंदूच्या घरी येऊन एका जुन्या खुर्चीच्या सांगाड्यात पिशवी अंथरली. मी आणि मेघनानं नंदूला दोन्ही बाजूंनी धरलं. तेवढा वेळ बसणं त्याला किती जड जात होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. "हलू नकोस," मी दटावलं. "ताई, मला शिकवतेस?" मिश्रण घट्ट होताना तापतं. सतत थंडी वाजणारा माझा भाऊ डोळे मिटून म्हणाला, "गरम लागतंय... बरं वाटतंय." मग जिग्नेशनं कडा कापल्या, वर मऊ कापड चढवलं, आणि नंदू टेबलाशी बसला. वरणभात स्वतः कालवला, आमटी मागून घेतली. मेघना आत जाऊन रडली. असा तो जेमतेम तीन आठवडे जेवला.

गेल्या रविवारी मेघनानं मला जेवायला बोलावलं होतं. खुर्ची टेबलाशी तशीच आहे. ती आत पानं घेत होती तेव्हा मी खुर्चीत बसून पाहिलं. जमेचना. उजव्या बाजूला पाठीला काहीतरी खुपत होतं. उठून पाहिलं, तर उजव्या खांद्याचा खळगा डाव्यापेक्षा खाली. नंदूचा तो खांदा जरा उतरताच होता, लहानपणी मी "सरळ बस" म्हणून त्याला धपाटे घालायचे. मी त्या खळग्यात हात ठेवला आणि मला रडू आवरेना... मेघना ताटं घेऊन आली. मी डोळे पुसले आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.