एका घनफुटाचं तेल

लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे बी.एस्सी. छापलं होतं, आणि तेवढ्यासाठी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जास्तीच्या पत्रिका काढल्या होत्या. तुमसरला आमची राईस मिल होती. मामाजी स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. दुकानात, लग्नाच्या पंगतीत, कुणीही भेटलं की सांगायचे, "आमची सून सायन्सवाली आहे." मी पदर पुढे ओढून घ्यायची. संकोच वाटायचा, पण मनातून बरंही वाटायचं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मिलचं इंजिन जुनं, विलायती. त्याच्या तेलासाठी मामाजींनी एका बंद पडलेल्या कारखान्यातली लोखंडी टाकी पाहून ठेवली होती. टाकी उंचावर बसवायची, म्हणजे तेल आपोआप खाली उतरेल. तर चौथरा किती वजन पेलेल असा बांधायचा, हा प्रश्न होता. किलो-लिटर येऊन बरीच वर्षं झाली होती, पण टाकीवर इंग्रजांच्या वेळची पाटी होती: दोनशे घनफूट. आणि तेलाचा व्यापारी म्हणत होता, एका गॅलनचं वजन नऊ पौंड.

टाकी विकणारा भंगारवाला, तेलाचा व्यापारी आणि शेजारचे दोन मिलवाले ओसरीत चहा घेत होते. घनफूट आणि गॅलन यांचा मेळ कुणालाच बसेना. मामाजींनी आत हाक मारली.

"बाई, जरा बाहेर ये. या लोकायले सांग, एका घनफुटात तेल किती पौंड भरते?"

मी बाहेर आले. कॉलेजात आम्ही घनता शिकलो ती ग्रॅममध्ये आणि सेंटिमीटरमध्ये. पौंड आणि गॅलन यांच्याशी माझी कधी गाठच पडली नव्हती. तेलाचा व्यापारी म्हणाला, "घनफुटात सव्वासहा गॅलन बसतात, एवढं पक्कं आहे." मामाजींनी पेन्सिल दिली आणि बिलाचा कोरा कागद दिला. मोठ्यांसमोर बसायची रीत नव्हती. मी कागद दाराच्या चौकटीवर दाबून उभ्यानंच हिशेब मांडला. पाठीवर सगळ्यांचे डोळे होते. नवाला सव्वासहानं भागलं आणि म्हटलं, "दीड पौंडाच्या आसपास."

भंगारवाला म्हणाला, "दीड पौंड? अरे बापा, मग टाकी कायले पाह्यजे? टोपल्यात ठेवा तेल!"

सगळे हसले. एक मिलवाला तर चहा सांडेपर्यंत हसला. मामाजी मात्र हातातल्या बशीकडे पाहत राहिले.

"जा बाई," ते म्हणाले. "चहाचं पाहा."

चहा तर सगळ्यांच्या हातात होता.

स्वयंपाकघरात जाऊन चुलीपाशी बसले आणि बसल्याबरोबर चूक दिसली. घनफूट मोठं माप, गॅलन लहान. मोठ्या मापातलं तेल जडच असणार. भागायचं नव्हतंच, गुणायचं होतं. नऊ गुणिले सव्वासहा, सव्वाछप्पन पौंड. उत्तर तोंडात आलं होतं, पण ते घेऊन बाहेर जायची हिंमत झाली नाही. बाहेर अजून हसणं चाललंच होतं.

गोष्ट गावात पसरली. हळदीकुंकवाला एकीनं दुसरीला कोपरानं खुणावलं, "हेच का ते दीड पौंड?" घरी मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "विसरतील लोक." पण म्हणताना यांच्याही ओठांच्या कडेला हसू होतं. सगळ्यात वाईट म्हणजे मामाजींनी माझं शिक्षण कुणाला सांगणं बंद केलं. पाहुणे आले की म्हणायचे, "ही आमची सून." आणि थांबायचे. त्या थांबण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका दुपारी मिल बंद होती. मामाजी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येऊन बसले. तिथं ते कधी बसत नसत.

"बाई, तो हिसाब पुन्हा कर. बसून कर."

"तुमच्यासमोर?"

"बस म्हणतो ना."

मी खाली बसले आणि मांडलं. सव्वाछप्पन गुणिले दोनशे. सव्वाअकरा हजार पौंड, म्हणजे पाच टनांच्या जरा वर, आणि टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. त्यांनी विचारलं, "तवा काय झालं होतं?"

"गुणायच्या जागी भागलं."

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "म्याच तुले लोकायसमोर उभी केली. मले मोठेपणा पाह्यजे होता. तुह्यं काही नाई त्यात."

घरात ज्याच्यापुढे कुणी मान वर करत नसे, तो माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. भंगारवाल्याच्या हसण्यानं झालं नव्हतं इतकं मला ओशाळं झालं. "असं म्हणू नका, मामाजी," एवढंच बोलू शकले आणि रडू आलं.

चौथरा त्या आकड्यावर बांधला. मिस्त्रीनं मध्ये आणखी एक भिंत घेतली. टाकी चढली, तेल भरलं, काही हललं नाही. पूजेच्या दिवशी तेच लोक आले. भंगारवाल्यानं पुन्हा तोच विनोद केला, तेव्हा मामाजींचा आवाज आतपर्यंत आला, "माह्या सुनेच्याच हिसाबावर उभी आहे ती टाकी." लोक तरीही हसले. सासरा सुनेची बाजू घेऊन राहिला, असंच त्यांना वाटलं असणार.

सासूबाई बोलवायला आल्या, "चल, टाकी पाहून घे." मी म्हटलं, "हात पिठात आहेत." आणि त्या वळल्यावर घाईघाईनं परातीत पीठ ओतलं.