पायरीवरचं कवच

नवरात्रात म्हैसूरच्या घरांतून पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि दरवर्षी त्यात एक तरी नवी बाहुली यावी लागते. आमच्या चामराजपुरमच्या घरी ती मीच आणते. यंदा मी वीणा वाजवणारी सुरेख बाहुली आणली होती. आईनं ती खालच्या पायरीला, कोपऱ्यात ठेवली. सगळ्यांत वर, लाकडी राजा-राणीच्या शेजारी, धाकटीनं पाठवलेलं हिरवट, पोकळ कवच बसवलं.

"अय्यो, वरच राहू दे गं. आल्यागेल्याला दिसायला हवं, नोडु, बघ," आई म्हणाली.

माझी धाकटी बहीण नॉर्वेत असते. तिथल्या समुद्रात सी-अर्चिन नावाच्या, काटेरी गोळ्यांसारख्या जीवांनी तळावरचं सगळं शेवाळ खाऊन टाकलंय, नुसता खडक उरलाय. आमच्या बाईसाहेब बुडी मारून ते गोळे वेचून काढतात, म्हणजे शेवाळ पुन्हा धरतं. पायरीवरचं कवच त्यातल्याच एकाचं. काम चांगलंच आहे, नाही कोण म्हणतंय? पण पोहायला दोघी एकदमच शिकलो आणि पुढे मी असायचे. माझ्या वाट्याला आईची औषधं, गॅसचा सिलिंडर आणि शाळेतल्या पोरांचे पेपर. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात आईला यातलं काही नीट सांगता येईना. त्यामुळे रोज संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ते कवच दाखवून धाकटीचा पराक्रम मीच सांगायचा. सांगून सांगून मी त्यात तरबेज झाले. पाणी किती गार, काटे हातमोज्यातूनही कसे टोचतात, उघड्या खडकावर पहिलं शेवाळ दिसलं की कसं वाटतं, सगळं.

अष्टमीला गावातल्याच बोगादी भागातून एक बाई आल्या, नवऱ्याच्या बदलीमुळे नुकत्याच पुण्याहून आलेल्या. आमच्या घरचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि सांगण्याच्या भरात धाकटीचं नाव घ्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "अहो, म्हणजे तुम्ही स्वतः समुद्राच्या तळाशी जाता?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "हो, हीच. लहानपणापासून पाण्यात हीच पुढं."

देवीसमोर साधी थाप न मारणारी माझी आई! त्या बाईंनी कौतुकानं माझा हात हातात घेतला. आई माझ्याकडे न बघता द्रोणात उसळ भरत होती. माझ्या पोटात दुखतंय हे तिला कधीचं कळत होतं, आणि मला द्यायला तिच्यापाशी धाकटीचंच कौतुक होतं, तेच तिनं दिलं.