सुएझमध्ये अडकलेली सही

कासारवाडी स्टेशनवर सकाळच्या गाडीने पुण्याहून वर्तमानपत्रांचा गठ्ठा उतरायचा. १९५६ च्या नोव्हेंबरात त्या गठ्ठ्यावर जी झुंबड उडे ती मुंबईच्या प्रश्नासाठी. द्वैभाषिक राज्य नुकतंच लादलं गेलं होतं आणि स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात रोज हमरीतुमरी चाले. त्या गर्दीत एकच माणूस असा होता, जो पहिलं पान न वाचताच उलटायचा आणि विचारायचा, "सुएझचं काय झालं?"

हा ज्योतीराम भांबळ. मूळचा नेवाशाकडचा ख्रिस्ती माणूस, मिशनच्या शाळेत सातवी झालेला. पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला तेव्हा बॉयलरवर नोकरी लागली म्हणून बायको-मुलीला घेऊन इकडे आला आणि गावातल्या दत्तोबांच्या भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत राहू लागला. चेहरा धगीने रापलेला, आवाज खणखणीत, आणि कामात इतका चोख की त्याच्या पाळीत वरचे साहेब बॉयलरकडे फिरकतही नसत.

बॉयलरवरच्या माणसाला चिन्हं वाचायची सवय लागते. वाफेचा काटा कुठे आहे, काचेच्या नळीत पाणी किती दिसतंय, धूर काळा येतोय की करडा, हे बघत बघत त्याचे आठ तास जातात. "अनर्थ सांगून येतो, आपणच बघत नाही," असं ज्योतीराम म्हणे. तो हे बॉयलरबद्दल बोलतोय की जगाबद्दल, ते कळायला ऐकणाऱ्याला जरा वेळ लागे.

जगाचं वेड त्याला बापाकडून आलेलं. बाप गावोगाव पायी फिरून ख्रिस्ती शास्त्र सांगणारा प्रचारक होता. देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्यांनी हजारो वर्षांपूर्वी जे लिहून ठेवलंय ते आपल्या डोळ्यांदेखत घडणार, यहुद्यांना त्यांचा देश परत मिळणार आणि मग शेवटाचे दिवस सुरू होऊन प्रभू परत येणार, असं तो लिंबाखाली बसून मुलाला सांगायचा. १९४८ साली खरोखरच इस्राएल झालं. बाप त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. ती बातमी वाचून ज्योतीराम ओक्साबोक्शी रडला होता, आणि ते रडणं आनंदाचं की दुःखाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता खरं सांगायचं तर ज्योतीरामने जगाचा शेवट याआधीही दोनदा ठरवून टाकला होता. एकदा जपान्यांचे बॉम्ब कलकत्त्यावर पडले तेव्हा आणि एकदा कोरियाच्या लढाईत. दोन्ही वेळा शेवट आला नाही, आणि हा गृहस्थ खजीलही झाला नाही. पण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा लढाई थेट शास्त्रातल्या मिसर देशात, सुएझच्या कालव्यावर होती, आणि लढणाऱ्यांत इस्राएल होतं. त्यातच चार तारखेला रशियाचे रणगाडे हंगेरीत घुसले. ज्योतीरामने भिंतीवरच्या मिशनच्या नकाशात मिसरवर बोट ठेवलं आणि बायकोला म्हणाला, "हा दक्षिणेचा राजा. आणि आता उत्तरेचा राजा निघाला बघ. हे दोघे भिडले की शेवट, असं शास्त्रात लिहिलंय."

"निघू द्या," मार्थाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "तो पोचायच्या आत कोळशाची गोणी तेवढी आणा. कोळसे उद्यापुरतेही नाहीत."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण याच दिवसांत घरात एक फॉर्म येऊन पडला होता.

एकुलती एक मुलगी सुमन मॅट्रिक झाली होती. पुण्याच्या एका मिशन दवाखान्यात नर्सिंगसाठी तिची निवड झाली. मिशनच्या खर्चाने शिकायच्या दोनच जागा होत्या, त्यातली एक तिला मिळाली. तीन वर्षं तिथेच राहून शिकायचं. पंधरा नोव्हेंबरच्या आत वडिलांच्या सहीसकट फॉर्म पोचला नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. असली जागा पुन्हा चालून येणार नव्हती. ते घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

"तीन वर्षं!" ज्योतीराम म्हणाला. "तीन वर्षं आहेत कुठे आपल्याकडे?"

"मग मी काय करू, आप्पा?"

"घरी राहा. आईजवळ. सगळे एका जागी असलेले बरे."

मार्थाबाईला राहवलं नाही. "मागच्या महिन्यात प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदावर सही केलीत ती? तो तर म्हातारपणी मिळायचाय म्हणे."

"ती साहेबांनी करायला सांगितली," ज्योतीराम म्हणाला, आणि पेपर तोंडापुढे धरला.

तो दुष्ट नव्हता. मुलीने शिकू नये असं त्याला कधीच वाटलं नाही, उलट मॅट्रिकचं पत्रक त्याने शर्टाच्या खिशात घालून आठवडाभर कारखान्यात मिरवलं होतं. पण तो दिवस येईल तेव्हा आभाळ फाटेल, माणसं सैरावैरा धावतील आणि आपली पोर पुण्यात परक्या माणसांत एकटी असेल, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की तो अर्ध्या ताटावरून उठे. फॉर्म शास्त्राच्या शेजारी फळीवर पडून राहिला.

संध्याकाळी दत्तोबा येऊन दारातल्या दगडावर बसत. कासारवाडीचे जुने शेतकरी, नदीकाठी मळा, साठी उलटलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे माणूस आवाजावरून ओळखायचे. पेपर वाचायचा प्रश्नच नव्हता, पण बातम्यांची हौस दांडगी.

"काय ज्योतीराम, काय म्हनतंय मिसर?"

ज्योतीराम मन लावून सांगे. कालव्यात जहाजं बुडवलीत, विमानांतून शिपाई उतरलेत, रशियाने अग्निबाणांची धमकी दिलीय. मग शास्त्रातली जागा काढून वाचून दाखवी. दत्तोबा मान डोलवत.

"समदं खरं. पर आमचं काय? आमी तर तुमच्या पुस्तकात न्हाई."

"पुस्तकात सगळी माणसं आहेत, दत्तोबा. कुणी सुटत नाही."

"मंग किती दिस म्हनतोस?"

या प्रश्नाला ज्योतीराम नेमकं उत्तर देत नसे. ती घटका कुणाला ठाऊक नाही, असं शास्त्रच सांगतं. पण त्या दिवशी रशियाची बातमी ताजी होती आणि त्याचा तोल गेला. "महिन्याभरात कळेल," तो म्हणाला. दत्तोबा उठले आणि काठी टेकत निघून गेले.

आठ तारखेच्या पेपरात आलं, सुएझमध्ये लढाई थांबली. ज्योतीरामने स्टेशनवरच्या बाकावर बसून ती बातमी तीनदा वाचली. त्याला चुटपुट लागली. एवढं सगळं जुळून आलं होतं आणि आता हे काय? मग एकदम त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला कशाची चुटपुट लागलीय. माणसं मरायची थांबली होती, पोरं आपापल्या आयांकडे परत जाणार होती, आणि प्रार्थनेला गुडघे टेकणारा आपल्यासारखा माणूस हळहळत बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, थोडी भीतीही वाटली. त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. पाळीवर गेला, काट्याकडे बघत उभा राहिला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने मनाशी उत्तरही शोधून काढलं: थांबली म्हणजे संपली नाही.

फॉर्म फळीवरच राहिला. सुमन त्याबद्दल बोलायची बंद झाली होती. ते गप्प राहणं ज्योतीरामला रोज थोडं जास्त टोचत होतं.

तेरा तारखेला पहिली पाळी संपवून तो घरी आला तर दत्तोबांच्या दारात माणसं जमलेली. विहिरीच्या पायऱ्या उतरताना म्हाताऱ्याचा पाय चुकला होता. चार पायऱ्या खाली जाऊन ते आपटले, कपाळ फुटलं, घोटा सुजून टम्म झाला. सुमन धुणं धुवायला तिथेच होती म्हणून निभावलं. तिने त्यांना धरून ठेवलं, स्वच्छ धडपा फाडून कपाळावर दाबून धरला, रक्त थांबेपर्यंत हात काढला नाही, आणि मग माणसं बोलावून खाटेवर घातलं. डॉक्टर येऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, ही पट्टी कुणी बांधली.

ज्योतीराम खाटेजवळ बसला. "दत्तोबा, चिंचवडला डोळ्यांच्या शिबिरात तुमचं नाव होतं ना? मागच्या आठवड्यात? मला वाटलं जाऊन आलात."

दत्तोबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचा मुलगा कोपऱ्यात उभा होता, तो उसळला. "जात्यात कशाचे! तुमी सांगितलं न्हवं, दुनिया म्हैन्याची सोबती हाय? मंग डोळा कापून बघायचं काय, म्हनाले. घरातनं हालले न्हाईत."

ज्योतीरामला आपलेच शब्द आठवले. पुस्तकात सगळी माणसं आहेत असं आपण सांगितलं होतं, आणि या माणसाने ते खरं मानून आपले डोळे सोडून दिले होते. "दत्तोबा, मी असं म्हटलं नव्हतं," असं तो म्हणणार होता. पण म्हटलं होतं. अगदी तसंच म्हटलं होतं.

"त्येला बोलू नगंस," दत्तोबा मुलाला म्हणाले. मग पट्टीखालून ज्योतीरामच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून हळूच म्हणाले, "तुजी चूक न्हाई रं. मला त्या चाकूचं भ्या वाटत व्हतं. पोरास्नी सांगायची लाज वाटत व्हती. तुजं बोलनं आयतं गावलं, एवढंच."

ज्योतीराम उठून बाहेर आला. घर वीस पावलांवर, पण तो नदीकडे चालत गेला आणि काठावर बसून राहिला. पवनेच्या पाण्यात म्हशी डुंबत होत्या. म्हाताऱ्याला चाकूची भीती होती. आणि आपल्याला? पोर लांब जाण्याची. घर रिकामं होण्याची. मुलगी नजरेआड गेली तर आपण तिचे कोण उरणार, याची. दत्तोबांनी निदान कबूल तरी केलं. आपण देवाचं वचन मधे घातलं. संदेष्ट्यांनी खोटं लिहिलं असं त्याला त्या क्षणीही वाटलं नाही. ते खरंच होतं, होणारच होतं. पण आपण ते कशासाठी वापरलं, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेला तिघं बसली. प्रार्थना संपली तरी ज्योतीराम उठला नाही.

"रक्ताची भीती नाही वाटली तुला?" त्याने सुमनला विचारलं.

"वाटली. पण हात अडकलेले होते ना." मग जरा थांबून तिने विचारलं, "आप्पा, रागावू नका. प्रभू येईल तेव्हा मी काय करत असावं असं वाटतं तुम्हाला?"

तिच्या आवाजात खोचक काही नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.    ज्योतीरामने हात लांबवून फळीवरचा फॉर्म काढला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. दोन वर्षांत पहिलीच. मुलीला घेऊन तो सकाळच्या गाडीने पुण्याला गेला, पेपर न घेता.

दवाखान्याच्या ऑफिसात मेट्रनबाई होत्या. त्याच्याच समाजातल्या, केस पिकलेल्या, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी फॉर्म पाहिला आणि दुसरा एक कागद पुढे सरकवला. "हेही लागेल. शिक्षण पुरं होईपर्यंत मुलीला घरी नेणार नाही आणि तिचं लग्न करणार नाही, असं वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. इथे तारीख घाला."

"कुठली तारीख?"

"शिक्षण संपायची. एकतीस डिसेंबर एकोणीसशे एकोणसाठ."

ज्योतीरामने टाक शाईत बुडवला आणि हात तसाच अधांतरी धरला. "बाई, आधी 'प्रभूची इच्छा असल्यास' असं लिहिलं तर चालेल?"

मेट्रनबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत. "भांबळ, माझीही श्रद्धा तीच आहे. रोज सकाळी मीही वाट बघते. पण वॉर्डाच्या पाळ्या लावताना मी तसं लिहीत नाही. रोग्याला उद्या पाणी कोण पाजणार, ते मला नक्की सांगावं लागतं."

त्याने लिहायला सुरुवात केली. एक-एक अक्षर सावकाश, शाळेतल्यासारखं. १९५९ लिहायच्या आधी त्याने टाक पुन्हा शाईत बुडवला, आणि आकडे नीट उमटले. बाईंनी कागद टिपून घेतला आणि सुमनला म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी सामान घेऊन ये."

ज्योतीराम टोपी हातात घेऊन उभाच राहिला. "नाताळला मुलींना घरी सोडता का, बाई?"

"पहिल्या वर्षी नाही. तेव्हा वॉर्डात माणसं कमी असतात."

"बरं, बरं," ज्योतीराम म्हणाला. त्याने मान हलवली, टोपी डोक्यावर ठेवली आणि मुलीकडे वळला. "मग पुढच्या वर्षीच्या नाताळला ये. मी स्टेशनवर घ्यायला येईन."

सुमन त्याच्याकडे बघतच राहिली. बापाच्या तोंडून पुढच्या वर्षीचं काही तिने आजवर ऐकलं नव्हतं.