मेस्कालला हिंगाची धुरी

माझ्या नवऱ्याला दारूतलं फारसं काही कळत नाही. गटारीला दोन पेग, ऑफिसच्या पार्टीत एक, आणि त्यातही सोडाच जास्त, एवढाच आयुष्यभराचा अभ्यास. त्यामुळे एका संध्याकाळी दारात बूट काढता काढता त्यांनी "मेस्काल कुठे मिळेल गं?" असं विचारलं, तेव्हा मला ते गोळीचं नाव वाटलं. बीपीची गोळी नुकतीच बदलली होती.

मेस्काल ही मेक्सिकोची दारू निघाली. ऑफिसातला नवा मॅनेजर तिकडे सुट्टी घालवून आला होता आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांना ऐकवत होता: अननसाचा रस, नारळाचं दूध, त्यात ती धुरकट वासाची दारू, समोर समुद्र. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि डबे बंद केले. आमचे हे एकटेच म्हणाले, "सर, या एकदा घरी. मी करतो."

का म्हणाले, ते मला सांगावं लागलं नाही. न्हावा शेवाला कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत यांचा जन्म गेला. महिनाअखेरीला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, आणि पुढे वर्षभर ठेवायचं की हार घालून घरी पाठवायचं, हे त्या मॅनेजरच्या हातात होतं. मॅनेजर आमच्या मुलीच्या वयाचा. तो यांना काका म्हणायचा आणि हे त्याला सर. हा माणूस घरी बसला तर कसा दिसेल, हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं. रविवारीसुद्धा फोन करून कुठलं जहाज लागलं याची चौकशी करतात. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

बाटली यांच्या भाचीने परदेशातून येताना विमानतळावरून आणली. देताना तिने बजावलं, "मामा, ही मुळातच स्मोकी असते. तुम्ही वेगळं काही करू नका." वेगळं काही करू नका, हे आमच्या घरात आजवर कुणी ऐकलेलं नाही.

मग तालमी सुरू झाल्या. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायचा आणि त्यातला दाढीवाला गोरा सांगेल तसं करायचं. पेग मोजायचं माप नव्हतं, म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण आलं. बाटली तालमीत संपू नये म्हणून मेस्कालच्या जागी नळाचं पाणी. ते पाणी घातलेलं कॉकटेल चाखून हे डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बॅलन्स थोडा चुकतोय." नारळाचं दूध डब्यातलं चालणार नव्हतं, ताजंच हवं होतं, आणि ताजं म्हणजे मी खवणीवर बसायचं. त्यात लिंबू पिळलं की ते फाटायचं आणि पुन्हा दुसरा नारळ. ग्लासाच्या काठाला लावायला मेक्सिकन तिखटमीठ हवं होतं. मी पेरूवर घालायचं तिखटमीठ बशीत ओतून दिलं. "ऑथेंटिक नाही वाटत," हे म्हणाले. पनवेलच्या पुढे हा माणूस गेलाय तो शिर्डीला आणि नातेवाइकांच्या लग्नांना.

ठरलेल्या शनिवारी मी सुरमई तळली, सोफ्यावरची चादर बदलली, आणि साडी नेसायला आत गेले. खालून वॉचमनचा इंटरकॉम आला की पाहुणे वर येतायत. मी घाईघाईने बाहेर आले, तर सगळ्या घरात मठ्ठ्याचा वास. लग्नाच्या पंगतीत असतो तसा, अगदी पोटातून भूक लागेल असा. ओट्यावर कॉकटेलचा काचेचा जग होता, त्यावर ताटली झाकलेली, आणि ताटलीच्या कडेने धूर येत होता.

"अहो, हे काय केलंत?"

"धूर कमी पडत होता," हे म्हणाले. "तो व्हिडिओवाला रोझमेरीची काडी जाळतो. आपल्याकडे कुठे मिळते ती? मग आई ताकाला द्यायची तशी धुरी दिली."

सासूबाईंची धुरी मला चांगली ठाऊक आहे. वाटीत रसरशीत निखारा, त्यावर चमचाभर तूप, वर चिमूटभर हिंग, वाटी ताकात सोडायची आणि लगेच झाकण. घरातला माणूस दोन वाट्या जास्त पितो.

"हिंगसुद्धा घातलात?"

"थोडा. सवयीने हात गेला."

ताटली काढली. वाटी आत कलंडली होती आणि अननसाच्या रसावर तुपाचा तवंग आला होता. आधीच धुराची असलेली दारू, मेक्सिकोहून निघून घणसोलीच्या आमच्या ओट्यावर येते काय, आणि तिला हिंगाची धुरी मिळते काय. मी चमच्याने तूप काढायला घेतलं. तेवढ्यात बेल वाजली.

मॅनेजर आला, गॅलरीत उभा राहिला, "काकू, नाइस व्ह्यू" म्हणाला. ग्लास हातात आल्यावर त्याने आधी त्याचा फोटो काढला. मग ग्लास फिरवून दुसरा काढला, मग सुरमईची ताटली जवळ ओढून तिसरा. यांचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडे. त्याने घोट घेतला. क्षणभर त्याचा जबडा थांबला, ते मी पाहिलं. मग त्याने तो घोट गिळला.

"वॉव," तो म्हणाला. "काका, सॉलिड. एकदम ऑथेंटिक. मागून ती अर्थी, मातीसारखी नोट येते ना, तिकडे एका गावात एक्झॅक्टली हीच होती."

मेक्सिकोच्या गावात हिंगाचा डबा असतो हे मला त्या दिवशी समजलं. हे मात्र फुलून गेले. त्यांनी ग्लास पुन्हा काठोकाठ भरला. तो ग्लास मॅनेजरने हळूच मनीप्लांटच्या कुंडीमागे सरकवला आणि सुरमईवर आडवा हात मारला. खाता खाता आपल्या सायकलीबद्दल, डाएटबद्दल बोलत राहिला. हे मधून मधून बंदराचा विषय काढायचे.

"सर, पुढच्या महिन्यात ते फळांचे कंटेनर येतायत, त्याचं मी असं म्हणतो..."

"काका, आज शनिवार आहे. चिल."

दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा यांनी विषय काढला नाही.

निघताना तो दारात बूट घालायला वाकला. "काका, तुम्ही हे सीरियसली करायला पाहिजे. यूट्यूब चॅनल वगैरे काढा. पुढच्या महिन्यापासून तर काय, वेळच वेळ आहे तुमच्याकडे." एवढं बोलून त्याने नाडीची गाठ मारली, मला "थँक्यू काकू, फिश मस्त" म्हणाला आणि लिफ्टमध्ये शिरला.

मला असा संताप आला की हातातलं ताट आदळावंसं वाटलं. निरोप द्यायचा तर ऑफिसात समोर बसवून द्यावा. माझी सुरमई खाऊन, बुटाची नाडी बांधता बांधता नाही.

हे आत येऊन ओट्याशी उभे होते. मला वाटलं, यांच्या कानावरून गेलं असेल तर आता मलाच फोडून सांगावं लागणार. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं. तेव्हा मात्र मी उगाच सुरमईची ताटली घासायला घेतली.

"पुढच्या महिन्याचं ऐकलं मी," हेच म्हणाले. "ते राहू दे. तू पिऊन बघ आणि खरं सांग, कसं झालंय?"

मी एक घोट घेतला.

"नासक्या मठ्ठ्यात अननस बुडवल्यासारखं लागतंय."

त्यांनी मान हलवली. मग स्वतःही एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ऑफिसात माझा एक आकडा चुकला तरी तो चारचौघांत बोलतो," ते म्हणाले. "आज हे असलं प्यायला आणि एक चूक काढली नाही. जाणाऱ्या माणसाची कोण काढतो?"

मी जग उचलला आणि बेसिनमध्ये रिकामा केला. त्यांनी मला अडवलं नाही.